मागचे टायर, पुढचे टायर

तुमच्याशी आज टायरांवरून बोलायचं आहे. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि ही बाई टायरांचं काय घेऊन बसली, असं कुणी म्हणेल. म्हणू देत. भेटायला येणारी माणसं रोज मला तुमचे गुण सांगतात. शांत होते, कुणाच्या अध्यात न मध्यात, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. मी मान हलवते. पण या गुणाच्या माणसाशी मी संसार केलेला नाही. टायरात हवा किती ठेवायची यावरून सबंध दुपार हुज्जत घालणाऱ्या माणसाशी केला. माझं बोलणं राहिलंय ते त्याच्याशी.

परवा मदनसेठ येऊन गेले. ते काय म्हणाले ते सांगते. पण आधी सगळं एकदा तुमच्यासमोर मांडू द्या. त्या शर्यतीवर आपण दोघं कधी समोरासमोर बसून बोललोच नाही. दर वेळी तुम्ही उठून मोटारीखाली गेलात.

पोलीस ॲक्शननंतर जहागीरदारांनी जालना सोडलं आणि त्यांची ती काळी, लांबलचक, आठ सिलिंडरची मोटार तुम्ही घेतली. बैल विकून घेतली. टेंभुर्णीला माझ्या वडिलांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. जावयाचं डोकं फिरलं असंच त्यांना वाटत होतं. मोटारीबरोबर उस्मानचाचा आले. जहागीरदारांची ती मोटार इतकी वर्षं त्यांनीच सांभाळली होती. "गाडी तुम्ही घेतली, मंग मला कुठं सोडून राह्यले?" असं म्हणत ते आपल्या ओसरीवर बसले ते बसलेच. स्टेशनवरून उतारू भरायचे आणि अंबडवरून शहागडला, गोदावरीच्या काठापर्यंत न्यायचे, ही आपली लाईन. ट्यूबला ठिगळ लावायला मी त्याच दिवसांत शिकले. चिखलीला मामांकडे राहून सातवी झाले होते, पण पोटापाण्याला उपयोगी पडलं ते ट्यूबला ठिगळ लावणंच.

मग मदनलाल मुंबईहून नवी मोटार घेऊन आले. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आले त्याला कित्येक पिढ्या झाल्या होत्या. घरात कापसाचा मोठा व्यापार. धाकट्या मुलाचं मन मात्र जिनिंगमध्ये नव्हतं, मोटारीत होतं. त्यांनाही शहागडचीच लाईन पाहिजे होती. दोन मोटारी पोसतील एवढे उतारू त्या रस्त्यावर तेव्हा नव्हते. स्टँडवर रोज बाचाबाची सुरू झाली. आणि एका सकाळी चहाच्या हॉटेलात, दहा माणसांदेखत, तुम्ही शब्द देऊन मोकळे झालात.

घरी आलात तेव्हा मी भाकरी थापत होते.

"शर्यत लागली," तुम्ही म्हणालात. "अंबड रस्त्यावर नवीन डांबर झालंय तिथून पुलापर्यंत. ज्याची गाडी पुलावर आधी चढंल, शहागडची लाईन त्याची. दुसऱ्यानं त्या रस्त्याला परत मोटार घालायची न्हाई."

"कोणता पूल? नाल्याचा?"

"तोच."

"त्याच्यावर एकच गाडी मावती."

"म्हणून तर तो धरला."

"अन् दोघं बरोबरीनं आले तर?"

तुम्ही हात धुवायला गेलात.

त्या पुढच्या दिवसांत आपल्या घरात टायरांशिवाय दुसरा विषय नव्हता. तीन जोड्या होत्या. एक कोरी, औरंगाबादहून आणलेली, नक्षी अजून टोकदार. दुसरी लष्कराच्या डिस्पोजलमधली, लिलावात घेतलेली, जाड गोट्यांची, चिखलातूनही मोटार ओढून काढील अशी. तिसरी मोटारीवर होती तीच, शहागडच्या खेपा करून करून घासलेली. बोट फिरवलं तर कापडासारखी लागायची.

मी पहिल्या दिवसापासून कोऱ्या जोडीचं म्हणत होते. तुम्ही गोट्यांचं. उस्मानचाचा दोघांचं ऐकत चिलीम ओढत बसायचे. शेवटी एकदा म्हणाले, "ये गिअरकी गाडी हाय. क्लचवरून पाय उचलला की सगळा जोर एका झटक्यात मागल्या चाकावर येतो. टायरनं रस्ता बिलकुल सोडला न्हाई तर एक्सल तुटंल. लई सोडला तर गाडी जागेवरच धूर काढत बसंल. धरनारा पाहिजे, अन् जरासा सोडनारा बी पाहिजे. बसून सांगता येत न्हाई. लावून बघू."

लावून बघितलं. भर दुपारी रस्ता मोकळा असायचा तेव्हा जायचो. गोट्यांच्या टायरांवर तुम्ही क्लच सोडला आणि मोटार बिथरलेल्या वासरासारखी उड्या मारत निघाली. एक्सल कण्हलेला मला खाली उभ्या उभ्या ऐकू आला. कोरे टायर नुसतेच किंचाळले. डांबरावर दोन काळ्या रेघा ओढल्या आणि मग कुठं मोटार हलली. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पण मान अशी वळवलीत की माझी जोडी बाद झाली हे मला समजलं. मग घासलेले लावले. या वेळी मोटार क्षणभर बसल्यासारखी झाली आणि पाठीत धक्का मारावा तशी सुटली. लांबवर जाऊन तुम्ही वळवून आणलीत. हसत होतात. जहागीरदारांची मोटार दारात आली त्या दिवशी हसला होतात, त्यानंतर इतकं हसलेलं मी बघितलं नव्हतं.

"हेच," तुम्ही म्हणालात.

"हे पळवतील," मी म्हणाले. "थांबवतील का?"

"थांबायचं हाईच कुठं?"

"पुलापाशी."

तुमचं हसू गेलं. आपलं खरं भांडण तिथं सुरू झालं. तुम्ही सुटायचे टायर निवडत होता, मी थांबायचे. तुम्ही म्हणालात, शर्यत थांबणाऱ्याची नसती. मी म्हणाले, शर्यत संपल्यावर घरी यायचंय. तुम्ही म्हणालात, "तुला माझ्यावर भरवसा न्हाई." मी म्हणाले, "तुमच्यावर हाय. त्या मदनवर न्हाई. तो कापसाच्या गादीवर वाढलेला, त्याला अजून मोटार कळाली न्हाई." तुम्ही पान्हा फेकला. माझ्यावर नाही, भिंतीवर, पण फेकलात.

तोड काढली चाचांनी. म्हणाले, ब्रेक मारला की गाडी नाकावर येते. थांबवायचं काम पुढच्या चाकांचं. तेव्हा मागं घासलेले लावा, पुढं कोरे लावा. तुम्ही कुरकुरलात, स्टेअरिंग जड होईल म्हणून. पण लावलेत.

हवेवर मात्र माघार घेतली नाहीत. मागच्या टायरांत हवा कमी म्हणजे टायर जास्त टेकतो, जास्त धरतो, हे मलाही मान्य होतं. पण फार कमी केली तर टायर रिमवर फिरतो, ट्यूबला ओढतो आणि हवा भरायचा वाल तुटून सगळी हवा एकदम जाते. ठिगळं लावणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शर्यतीच्या आदल्या दुपारी मी पंपानं हवा भरत होते आणि तुम्ही वालात काडी घालून सोडत होता. फुस्स आवाज आला की मी पुन्हा पंप उचलायची. एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हतो. शेजारच्या आवारातून बायका बघत होत्या. शेवटी माझे हात भरून आले आणि तुम्ही काडी फेकून दिलीत. ती हवा कुणाच्या मनासारखी होती, तुमच्या की माझ्या, ते मला आजही सांगता येणार नाही.

एक अडचण उरलीच होती. मागच्या चाकांवर वजन पाहिजे म्हणून सरकीची पोती ठेवली होती, ती सुटताना घसरून एका बाजूला जात होती. ठरलं होतं की गाडीत चालवणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस चालेल. चाचांना सुरुवातीच्या रेघेपाशी उभं राहायचं होतं.

"मी बसते मागं," मी म्हणाले. "मी घसरायची न्हाई."

तुम्ही नको म्हणालात. लोक काय म्हणतील म्हणालात. मी म्हणाले, त्या पुलापाशी काही झालं तर मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. सकाळी मागचं दार उघडं ठेवलंत.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं होती. आडतीवरची, स्टँडवरची, जिनिंगमधली. मदनलाल पांढऱ्या सदऱ्यात, हात सारखे पुसत होते. मी पदर कंबरेला खोचला, पोत्यांच्या मध्ये पाय रोवले आणि पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. तुमच्या मानेवर घाम दिसत होता. चाचांनी रुमाल वर धरला. दोन्ही इंजिनं अशी गुरगुरत होती की छातीत थरथर होत होती. पुढं, पार टोकाला, पुलाचे दोन पांढरे कठडे दिसत होते. इतके जवळजवळ, की त्यातून एक तरी मोटार जाईल का असं वाटावं.

रुमाल खाली आला.

मोटार बसली आणि सुटली. माझं डोकं मागं आपटलं. डावीकडं मदनलालच्या मोटारीच्या मागच्या चाकांतून धूर निघत होता, ती जागेवरच होती. आपण पुढं, एकटे. दुसरा गिअर टाकलात तेव्हा परत एक धक्का. मी मनात म्हणाले, जमलं, आता जमलं. मग मागून आवाज वाढत आला. त्यांची मोटार नवी होती, तिला धाव जास्त होती. ती खिडकीशी आली. आधी तिचे दिवे, मग चाक. पूल मोठा मोठा होत होता. आपण अर्ध्या मोटारीनं पुढं होतो. मला बराबर आठवतं, अर्ध्या मोटारीनं. मी तोंड उघडलं होतं. त्यातून आवाज मात्र निघाला नाही.

आणि तुम्ही ब्रेक मारलात.

मी सीटच्या पाठीवर आदळले. पोतं फुटलं, सरकी अंगावर आली. मोटार नाकावर वाकली, पण कोऱ्या टायरांनी रस्ता धरून ठेवला. तुम्ही ती उजवीकडे काढलीत, खाली, ज्वारीच्या कापलेल्या रानात. धुरळा बसला तेव्हा मदनलालची मोटार पुलाच्या पलीकडे उभी होती आणि लोक तिकडं पळत होते.

चाचा धापा टाकत आपल्याकडे आले. तुम्ही खाली उतरून मागच्या डाव्या चाकापाशी बसला होता. वाल तिरपा झाला होता. टायर रिमवर सरकला होता. अजून थोडं पळवलं असतं तर ट्यूब फाटलीच असती. चाचांनी बघितलं, मी बघितलं. चाचा म्हणाले, "लोकांना दाखवा ना ये. टायर जाऊन राह्यला व्हता म्हणून थांबलो, सांगा." तुम्ही म्हणालात, "गप बसा चाचा." आणि जॅक काढलात.

संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं की माणिकराव जिंकत आले होते, पण मागं बसलेली बाई किंचाळली आणि त्यांनी ब्रेक मारला.

हे मला पाणी भरताना बायकांनी सांगितलं. हसून सांगितलं. मी घरी येऊन तुम्हाला विचारलं, "मी ओरडले व्हते का?"

तुम्ही म्हणालात, "मोटारीच्या आवाजात काय ऐकू येतंय."

"मंग तुम्ही थांबले कशामुळं?"

"थांबावं वाटलं."

एवढंच. पुढं इतकी वर्षं झाली, हैदराबादचं राज्य जाऊन आपण मुंबई राज्यात गेलो, पण तुमचं उत्तर तेच राहिलं. शहागडची लाईन गेली. आपण टेंभुर्णी-जाफराबादकडं मोटार घातली. दगडांचा रस्ता, पावसाळ्यात बंद. स्टँडवर कुणीही नवा ड्रायव्हर आला की त्याला ती गोष्ट सांगायचे: बाईला मोटारीत मागं बसवू नका, माणिकरावचं काय झालं बघा. तुमच्यासमोर सांगायचे. तुम्ही तिथं उभे असायचा, चहा पीत. मला हे चाचांकडून कळायचं. तुम्ही कधी म्हणाला नाहीत की ती ओरडली नव्हती. एकदाही नाही. माझ्या वडिलांनीसुद्धा एकदा पंगतीत म्हटलं, "तू त्या दिवशी गप बसायला पाहिजे व्हतं." मी वाढत होते. भाताचं पातेलं तसंच घेऊन आत गेले. तुम्ही पानावरच होता. जेवलात.

हे माझ्या पोटात होतं. तुमची कावीळ वाढली, डोळे हळदीसारखे झाले, मी उशाशी बसायची, तेव्हाही होतं. मला वाटायचं, आता तरी सांगतील. तुम्ही एकदा माझा हात धरलात आणि म्हणालात, "तू लई जड सामान उचललं." मला वाटलं पाण्याच्या घागरींबद्दल म्हणताय.

परवा मदनसेठ आले. आता त्यांना सगळे सेठ म्हणतात, चार मोटारी आहेत. ओसरीवर बसले. चाचाही बसले होते. सेठ एकदम म्हणाले, "भाभी, त्या दिवशी माझी गाडी थांबत न्हवती."

मी उंबऱ्यावर बसले.

"मी सगळं लक्ष मागल्या टायरकडं दिल्तं. पुढचे तसेच ठेवले, घिसलेले. पूल जवळ आला, माणिकराव पुढं हाईत हे दिसलं, मी हरलो हे बी कळालं. ब्रेक मारला. चाकं थांबली, गाडी थांबंना. घसरत सरळ कठड्यावर निघाली. मी माणिकरावकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मंग त्यांनी जागा सोडली, मी ब्रेक सोडून गाडी तिकडं वळवली अन् डोळे मिटले. उघडले तवा मी पुलावर व्हतो अन् ते रानात."

चाचांनी चिलीम खाली ठेवली.

"दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तुमच्या लाईनीचं बोलायला आल्तो. म्हणलं, लाईन तुमची, मी सगळ्यांला सांगतो. ते म्हणले, तू सांगशील तर तुझ्या घरचे तुला परत मोटारीला हात लावू देनार न्हाईत. ब्रेक मारता येईना, मरता मरता वाचला, असं बाजारात झालं तर तुझे वडील गाडी विकून तुला जिनिंगला बसवतील. गप ऱ्हा अन् नीट चालवायला शिक. अन् म्हणले, घरात बी सांगू नको."

घरात म्हणजे मला.

तुम्हाला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. मला काय वाटलं ते सांगते. आधी, तुम्ही त्या एका क्षणात काय केलंत ते मला दिसलं. जिंकलेली शर्यत, आपली भाकर, सगळं एका परक्या, कालपर्यंत भांडणाऱ्या पोरासाठी रानात घातलंत. मला तुमचे पाय धरावेसे वाटले. आणि लगेच दुसरं दिसलं. त्याची लाज झाकायला तुम्ही माझी वापरलीत. लोकांनी आपणहून एक खोटं कारण शोधलं, ते तुम्हाला सोयीचं पडलं, आणि तुम्ही ते चालू दिलंत. मला सांगितलं असतंत तर मीही गप बसले असते. तुमच्याबरोबर गप बसले असते. पण तुम्ही मला एकटीलाच गप बसवलंत, तेही न सांगता. तुला माझ्यावर भरवसा नाही, असं तुम्ही मला म्हणाला होतात. मग हे काय होतं?

मदनसेठ म्हणाले, "भाभी, काही लागलं तर सांगा. गाडी विकायची असंल तर मी घेतो. दुसरं काही असंल तर ते बी."

मी म्हणाले, "एक लागतं. आत्ता मला सांगितलं ते स्टँडवर सांगा."

ते दचकले. "आता? इतक्या वर्षांनी? माझ्या हाताखाली मानसं काम करून राह्यली भाभी."

"म्हणूनच आता. ते व्हते तवर त्यांनी तुमची अब्रू राखली. माझी कुणी राखली न्हाई."

"लोक विसरले असतील."

"मी न्हाई विसरले."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला आणि उठून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चाचा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं रागावतील, मालकाचा शब्द मोडला म्हणून. ते फक्त म्हणाले, "ये मैंने मालिक से पूछना था बेटी. त्याच दिवशी."

काल सबंध दिवस मी कान लावून होते. कुणी आलं नाही. संध्याकाळी मला वाटलं, चुकलंच, मेलेल्या माणसाचं झाकलेलं उघडायला निघाले. आज सकाळी चाचा स्टँडवरून ऐकून आले. दारातच उभे राहिले.

"बोल्या," ते म्हणाले. "काल, स्टँडपे. पायदानवर चढून बोल्या, सब के सामने, टोपी हात में लेके. पहले कोई समज्याच न्हाई. फिर बोल्या, भाभी नहीं चिल्लाई थी, मैं मरनेवाला था."

मी आत आले आणि रडले. तुम्ही गेल्यापासून माणसांदेखत रडले होते; हे पहिलं एकटीचं.

तुम्ही असतात तर मला हे करू दिलं नसतंत. म्हणाला असतात, कशाला त्या माणसाला खाली बघायला लावायचं. मी म्हणाले असते, मी इतकी वर्षं बघितलं. मग तुम्ही उठून मोटारीखाली गेला असतात, आणि मी तुमचा पाय धरून तुम्हाला बाहेर ओढलं असतं, समोर बसवलं असतं आणि म्हणाले असते, बोला. या वेळी उठायचं नाही.